जुनी मेक्स फाइल नव्या मॅटलॅबमध्ये नेताना: नवख्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

संशोधन करणाऱ्या बहुतेक गटांच्या मॅटलॅब फोल्डरात अशी एखादी फाइल असते, जिला हात लावायला कोणी धजावत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी पीएच.डी. करून गेलेल्या कोणीतरी वेग वाढावा म्हणून गणिताचा गाभा सी भाषेत लिहिलेला असतो, तो मॅटलॅबला जोडलेला असतो (अशा जोडलेल्या फाइलीलाच मेक्स फाइल म्हणतात), आणि ही जोडणी कशी केली हे लिहून ठेवायचे मात्र राहून गेलेले असते. मग संगणक बदलतो, मॅटलॅबची नवी आवृत्ती येते आणि ते सगळे नव्याने उभे करण्याचे काम गटातल्या सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडते. माझ्याही पडले होते. त्या वेळी गेलेले तीन आठवडे इतरांचे वाचावेत, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

लिखाणाविषयी एक खुलासा आधीच करतो. फंक्शनांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत, जोडरेघ देऊन लिहिली आहेत. 'एमएक्स-गेट-पीआर' असे जेथे दिसेल तेथे टंकताना जोडरेघ गाळावी, सुरुवातीची दोन अक्षरे लहान ठेवावीत आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे घ्यावे. मॅटलॅबच्या आवृत्तीच्या नावात वर्ष आणि त्यापुढे ए किंवा बी असते. वर्षातून दोन आवृत्त्या निघतात, त्यातली पहिली ए आणि दुसरी बी.

आधी हाताशी काय हवे

- मूळ सी, सी प्लस प्लस किंवा फोरट्रान फाइली. हाती फक्त बांधलेली (कंपाइल केलेली) मेक्स फाइल असेल आणि ती दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर न्यायची असेल, तर आधी मूळ लेखकाला शोधावे. त्यावाचून पुढे जाता येत नाही.
- जुनी मॅटलॅब चालू असलेला संगणक, निदान दोन दिवसांपुरता.
- दोन्ही संगणकांवर 'व्हर्जन', 'कॉम्प्युटर' आणि 'मेक्सएक्स्ट' या तीन आज्ञा देऊन आलेली उत्तरे, एका कागदावर किंवा साध्या मजकूर फाइलीत उतरवलेली.
- नव्या आवृत्तीला चालणाऱ्या कंपायलरांची (मूळ फाइल संगणकाला चालवता येईल अशी बांधून देणाऱ्या प्रोग्रामांची) आणि पायथन आवृत्त्यांची यादी. ती मॅटलॅब बनवणाऱ्या मॅथवर्क्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी दिलेली असते. गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नये.

१. कोणती जोडणी आहे ते ओळखा

मॅटलॅबमधून दुसऱ्या भाषेत जाण्याच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत. मूळ फाइलीत 'मेक्स-फंक्शन' नावाचे फंक्शन असेल आणि त्याला एनएलएचएस, पीएलएचएस, एनआरएचएस व पीआरएचएस असे चार घटक दिलेले असतील, तर ती सी किंवा फोरट्रानमधली पारंपरिक मेक्स फाइल होय. 'लोडलायब्ररी' आणि 'कॉललिब' दिसले, तर कोणाची तरी तयार सी लायब्ररी थेट वापरलेली आहे. 'सीलिब' दिसले, तर ती २०१९ए पासून आलेली सी प्लस प्लस लायब्ररीची वाट समजावी. नावापुढे 'पीवाय' आणि टिंब असेल, तर मॅटलॅबमधून पायथन बोलावलेले आहे. पायथनच्या फाइलीत 'मॅटलॅब डॉट इंजिन' आयात केलेले असेल, तर प्रवास उलट दिशेचा आहे. पायथनच्या या दोन्ही सोयी २०१४बी मध्ये आल्या.

बांधलेल्या फाइलीच्या शेपटावरूनही, म्हणजे नावातल्या टिंबानंतरच्या भागावरूनही, बरेच कळते. विंडोजवर ६४ बिटांच्या फाइलीचे शेपूट 'मेक्सडब्ल्यू६४' असते, लिनक्सवर 'मेक्सए६४', इंटेल मॅकवर 'मेक्समॅकआय६४' आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठीच्या मॅटलॅबवर 'मेक्समॅकए६४'. शेवटची मॅटलॅब २०२३बी पासून मिळू लागली आणि तिच्यात इंटेल मॅकवर बांधलेली फाइल चालत नाही. ती पुन्हा बांधावीच लागते. शेपूट 'मेक्सडब्ल्यू३२' असेल, तर फाइल ३२ बिटांच्या विंडोजच्या काळातली आहे. त्या विंडोजसाठी शेवटची मॅटलॅब २०१५बी होती.

२. जुनी उत्तरे गोठवून ठेवा

ही पायरी सर्वांना कंटाळवाणी वाटते. मीही ती गाळली होती आणि तेच मला सर्वांत महागात पडले. जुन्या संगणकावर जुन्या फाइलीला पाच-सहा वेगवेगळे इनपुट द्यावेत आणि इनपुट व उत्तर दोन्ही 'मॅट' फाइलीत साठवावेत. इनपुट निवडताना नेहमीचे मोठे उदाहरण पुरेसे नसते. एक अगदी लहान मॅट्रिक्स असावे, ज्याचे उत्तर हाताने पडताळता येईल. एक रिकामे असावे. एक विरळ, म्हणजे बहुतांश शून्ये असलेले असावे. आणि एकात संमिश्र संख्या असाव्यात. दोन भाषांमधली जोडणी बिघडते तेव्हा मॅटलॅब दरवेळी कोसळतेच असे नाही. बऱ्याचदा ती शांतपणे चुकीचे उत्तर देते, आणि ते चुकले आहे हे सांगायला जुन्या उत्तराखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

३. कंपायलर बसवा आणि रिकामी फाइल बांधून पाहा

विंडोजवरच्या ६४ बिटांच्या मॅटलॅबबरोबर सी कंपायलर येत नाही. २०१५बी पासून 'मिनजीडब्ल्यू' हा मोफत कंपायलर ॲड-ऑन म्हणून बसवता येतो. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असल्यास तोही चालतो. मॅकवर एक्सकोड लागतो. 'मेक्स -सेटअप' ही आज्ञा दिली की मॅटलॅबला कोणता कंपायलर सापडला ते कळते.

यानंतर आपली खरी फाइल लगेच बांधायला घेऊ नये. मॅटलॅबबरोबर येणारे एखादे नमुना उदाहरण, किंवा आत काहीच न करणारे चार ओळींचे मेक्स-फंक्शन, आधी बांधून आणि चालवून पाहावे. ते चालले नाही तर दोष कंपायलरच्या बाजूला आहे हे नक्की होते, आणि मग आपल्या हजार ओळींच्या फाइलीत तो शोधत बसावे लागत नाही.

४. पूर्णांकांची रुंदी तपासा

जुन्या सी फाइलीत मॅट्रिक्सचे आकार आणि घटकांचे क्रमांक 'इंट' या पूर्णांकांच्या प्रकारात ठेवलेले असतात. ३२ बिटांच्या काळात त्याने काही बिघडत नसे. २००६बी मध्ये मॅटलॅबने यासाठी 'एमडब्ल्यू-साइज' आणि 'एमडब्ल्यू-इंडेक्स' हे दोन प्रकार दिले, आणि मोठ्या मॅट्रिक्सांच्या पद्धतीने बांधले की ते ६४ बिटांचे होतात. 'इंट' मात्र ३२ बिटांचाच राहतो.

आमच्या फाइलीत नेमके हेच होते, म्हणून ते जवळून दाखवतो. समजा, दोन स्तंभांचे विरळ मॅट्रिक्स आहे. पहिल्या स्तंभात पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत, तर दुसऱ्या स्तंभात दुसऱ्या ओळीत शून्येतर संख्या आहेत. मॅटलॅब अशा मॅट्रिक्ससाठी दोन याद्या ठेवते. 'आयआर' या यादीत ओळींचे क्रमांक असतात. सी मध्ये मोजणी शून्यापासून होत असल्याने ते ०, २, १ असे येतात. 'जेसी' या यादीत प्रत्येक स्तंभ कोठून सुरू होतो ते असते: ०, २, ३. नव्या मॅटलॅबमध्ये यातली प्रत्येक संख्या आठ बाइटांची आहे. जुन्या फाइलीने तीच यादी चार बाइटांचा 'इंट' समजून वाचली, तर तिला जेसी दिसते ०, ०, २, ०, ३, ० अशी, कारण प्रत्येक संख्येचा वरचा अर्धा भाग शून्य म्हणून मध्ये घुसतो. आता पहिला स्तंभ ० पासून ० पर्यंत, म्हणजे रिकामा ठरतो. त्याच्या दोन्ही संख्या दुसऱ्या स्तंभाच्या खात्यावर जातात आणि तिसरी संख्या कोणी वाचतच नाही. आयआर यादीचेही तेच होते, त्यामुळे तिसऱ्या ओळीतली संख्या पहिल्या ओळीत जाऊन बसते.

यात कोठेही मेमरीची हद्द ओलांडली जात नाही, म्हणून काही कोसळत नाही. आम्हाला उत्तर मिळाले, आलेखही निघाला, आणि तो आलेख आठवडाभर आमच्या भिंतीवर होता. कंपायलरने पॉइंटरांचे (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या चलांचे) प्रकार जुळत नसल्याचा इशारा दिला होता. तो मी वाचला नव्हता. जीसीसी या कंपायलरच्या १४व्या आवृत्तीपासून सी मध्ये हा इशारा थेट चूक मानला जातो आणि फाइल बांधलीच जात नाही. मला हा बदल फार उशिरा आला असे वाटते.

तेव्हा फाइलीत 'एमएक्स-गेट-एम', 'एमएक्स-गेट-एन', 'एमएक्स-गेट-डायमेन्शन्स', 'एमएक्स-गेट-आयआर' आणि 'एमएक्स-गेट-जेसी' जेथे जेथे आहेत त्या जागा शोधाव्यात आणि त्यांची उत्तरे ज्या चलांत साठवली जातात त्यांचे प्रकार बदलावेत. त्या चलांवर फिरणाऱ्या लूपांचे काउंटरही बदलायला विसरू नये. हे प्रकार चिन्हरहित असतात, म्हणून शून्यापर्यंत उलटा मोजणारा लूप 'शून्य किंवा अधिक' या अटीवर कधीच थांबत नाही. असे लूप वेगळे काढून हाताने तपासावेत.

'-कम्पॅटिबल-अॅरे-डिम्स' हा पर्याय देऊन जुन्या पद्धतीने बांधता येते. पण मग एका मॅट्रिक्समध्ये २,१४,७४,८३,६४७ पेक्षा जास्त घटक चालत नाहीत. तात्पुरती कुबडी म्हणून तो ठीक आहे, कायमचा उपाय म्हणून नाही.

५. संमिश्र संख्यांची नवी मांडणी समजून घ्या

तुमच्या गणितात संमिश्र संख्या नसतील, तर ही पायरी वाचून सोडून दिली तरी चालेल. फूरिये रूपांतर, विद्युत परिपथ किंवा तरंग यांच्याशी काम असेल, तर मात्र येथे थांबावे.

२०१७बी पर्यंत मॅटलॅब संमिश्र मॅट्रिक्सचे वास्तव भाग एका ठिकाणी आणि काल्पनिक भाग दुसऱ्या ठिकाणी ठेवत असे. ३+४आय आणि ५−१२आय या दोन संख्या घेतल्या, तर एका यादीत ३, ५ आणि दुसरीत ४, −१२. एमएक्स-गेट-पीआर पहिल्या यादीचा पत्ता देत असे आणि 'एमएक्स-गेट-पीआय' दुसऱ्या यादीचा. २०१८ए पासून मॅटलॅबच्या पोटात ही मांडणी एकाआड एक झाली: ३, ४, ५, −१२. लॅपॅक आणि एफएफटीडब्ल्यू यांसारख्या गणिती लायब्रऱ्या पहिल्यापासून अशीच मांडणी वापरतात, त्यामुळे बदल योग्यच होता; आधी अशा लायब्रऱ्यांकडे माहिती देताना आणि परत घेताना दरवेळी मांडणी बदलावी लागे.

जुन्या फाइली मोडू नयेत म्हणून 'मेक्स' आज्ञा, काही वेगळे न सांगितल्यास, आजही '-आर२०१७बी' हाच पर्याय धरून चालते. तुमची जुनी फाइल त्यामुळे बिनतक्रार बांधली जाते आणि उत्तरही बरोबर देते. किंमत एवढीच, की संमिश्र मॅट्रिक्स आत जाताना त्याच्या दोन वेगळ्या प्रती कराव्या लागतात आणि बाहेर येताना त्या पुन्हा विणाव्या लागतात. लहान मॅट्रिक्सला हे जाणवतही नाही. काही गिगाबाइटांचे असेल तर वेळ आणि मेमरी दोन्ही खर्ची पडतात.

नव्या पद्धतीत यायचे ठरवले, तर '-आर२०१८ए' हा पर्याय देऊन बांधावे. मग एमएक्स-गेट-पीआय उपलब्धच नसते आणि जेथे ते वापरले आहे तेथे बांधणी अडते. ही अडवणूक आपल्या हिताची आहे, कारण बदलायच्या जागांची यादी आयती मिळते. वास्तव मॅट्रिक्ससाठी 'एमएक्स-गेट-डबल्स' आणि संमिश्रासाठी 'एमएक्स-गेट-कॉम्प्लेक्स-डबल्स' वापरावे. दुसऱ्याने मिळणाऱ्या प्रत्येक घटकाला 'रिअल' आणि 'इमॅग' असे दोन भाग असतात.

सापळा तिसऱ्याच जागी आहे. जुन्या फाइलीत 'एमएक्स-गेट-डेटा' वापरून, मिळालेला पत्ता 'डबल'चा (साध्या दशांश संख्यांचा) मानलेला असेल, तर ती जागा नव्या पर्यायानेही निमूटपणे बांधली जाते. लेखकाला अपेक्षित असतात ३, ५ हे वास्तव भाग. हाती येतात ३, ४. 'एमएक्स-गेट-एलिमेंट-साइज' हे फंक्शनही नव्या पद्धतीत संमिश्र डबलसाठी ८ ऐवजी १६ सांगते, त्यामुळे त्यावर गुणाकार करून मेमरी मागणारा किंवा नक्कल करणारा कोड तपासावा लागतो. या दोन नावांचा शोध प्रत्येक फाइलीत हाताने घ्यावा.

एकच मूळ फाइल जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी बांधायची असेल, तर 'एमएक्स_हॅज_इंटरलीव्ह्ड_कॉम्प्लेक्स' या मॅक्रोवर अट घालून दोन फांद्या करता येतात. आणि एक लक्षात असू द्यावे: -आर२०१८ए देऊन बांधलेली फाइल २०१७बी किंवा त्याआधीच्या मॅटलॅबमध्ये चालत नाही. सहकाऱ्याकडे जुनी आवृत्ती असेल, तर त्याला आधी विचारावे.

६. सी प्लस प्लसच्या नव्या वाटेने जावे का?

२०१८ए मध्येच सी प्लस प्लससाठी वेगळी मेक्स पद्धत आली. तिच्यात 'मेक्स डॉट एचपीपी' आणि 'मेक्स-अडॅप्टर डॉट एचपीपी' ही हेडर जोडतात आणि मेक्स-फंक्शन हा एक क्लास असतो. जुन्या पद्धतीत इनपुटाच्या मेमरीत चुकून लिहिले जाण्याचा जो धोका असतो, तो येथे बराच कमी होतो. शिवाय २०१९ए पासून अशी फाइल 'मेक्सहोस्ट'च्या साहाय्याने वेगळ्या प्रक्रियेत चालवता येते. ती कोसळली तरी मॅटलॅब आणि तुमचे तासाभराचे काम शाबूत राहते.

नव्याने लिहिणार असाल, तर हीच वाट धरावी असे माझे मत आहे. चालत असलेली जुनी सी फाइल मात्र केवळ हौसेखातर या पद्धतीत बदलू नये. दोन्ही पद्धतींची फंक्शने एका फाइलीत मिसळता येत नाहीत, त्यामुळे अर्धवट स्थलांतर असा प्रकारच येथे नाही.

७. पायथनची जोडणी

येथे पहिला प्रश्न आवृत्तीचा असतो. मॅटलॅबची प्रत्येक आवृत्ती पायथनच्या ठरावीक आवृत्त्यांनाच ओळखते. उदाहरणार्थ, २०२३बी ला ३.९, ३.१० आणि ३.११ चालतात, ३.१२ चालवायची असेल तर २०२४बी लागते. संगणकावर सर्वांत नवे पायथन आधी बसवून मग मॅटलॅबशी भांडत बसणे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. आधी मॅटलॅबची यादी पाहावी आणि तिच्यातले पायथन बसवावे.

कोणते पायथन वापरायचे हे 'पीवायएन्व्ह' या आज्ञेने सांगतात. २०१९बी मध्ये ती जुन्या 'पीवायव्हर्जन'च्या जागी आली. विंडोजवर नुसता आवृत्ती क्रमांक देऊन भागते, लिनक्स आणि मॅकवर पूर्ण मार्ग द्यावा लागतो. पायथन मॅटलॅबच्याच प्रक्रियेत एकदा चढले, की मॅटलॅब बंद केल्याशिवाय ते बदलता येत नाही. म्हणून ही आज्ञा सत्राच्या अगदी सुरुवातीला, पायथनचा पहिला शब्द उच्चारण्याआधी द्यावी.

मॅटलॅब आणि पायथनची पॅकेजे कधी कधी एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बरोबर आणतात आणि एका प्रक्रियेत त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. एचडीएफ५ फाइली वाचणाऱ्या 'एच५पीवाय'च्या बाबतीत हा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी पीवायएन्व्हला 'आउट-ऑफ-प्रोसेस' सांगावे. मग पायथन शेजारच्या खोलीत राहते, 'टर्मिनेट' देऊन त्याला बंद करून पुन्हा सुरू करता येते आणि मॅटलॅब उघडीच राहते. माहितीची ने-आण तेवढी सावकाश होते.

आता संख्यांविषयी. मॅटलॅबमध्ये नुसते ३ लिहिले तरी ती दशांश संख्या असते आणि पायथनकडे ती ३.० म्हणून जाते. पायथनच्या 'रेंज'ला ती चालत नाही. 'इंट३२' मध्ये गुंडाळून द्यावी लागते. येथे निदान चूक दाखवली जाते. उलट्या दिशेने, पायथनमधून इंजिन चालवताना, ७ आणि २ हे पूर्णांक मॅटलॅबकडे 'इंट६४' म्हणून जातात, आणि मॅटलॅब पूर्णांकांच्या भागाकाराचे उत्तर जवळच्या पूर्णांकाला नेते. सातला दोनने भागले की उत्तर येते ४. ३.५ नव्हे, पायथनच्या पूर्णांक भागाकारातले ३ सुद्धा नव्हे. पायथनकडून पाठवताना ७.० आणि २.० लिहावे. शिवाय, काहीच परत न करणारे मॅटलॅब फंक्शन इंजिनमधून बोलावताना 'एनआर्गआउट' शून्य आहे असे स्पष्ट सांगावे लागते.

नमपाय या पायथनच्या संख्यागणिताच्या पॅकेजच्या २.० आवृत्तीचीही येथे आठवण ठेवावी. जून २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीने सी स्तरावरची जोडणी बदलली, आणि १.एक्सवर बांधलेली पॅकेजे तिच्यासाठी पुन्हा बांधावी लागली. मॅटलॅबमधून पायथनचे पॅकेज अचानक आयात होईनासे झाले, तर आधी तीच गोष्ट नुसत्या पायथनमध्ये करून पाहावी. दोष अनेकदा मॅटलॅबकडे नसतोच.

८. किरकोळ दिसणारे, पण दिवस खाणारे

एकाच फोल्डरात एकाच नावाची 'एम' फाइल आणि मेक्स फाइल असली, तर मॅटलॅब मेक्स फाइल चालवते. तुम्ही एम फाइल सुधारत राहता आणि उत्तर काही बदलत नाही. 'विच' ही आज्ञा देऊन नेमके काय चालते आहे ते पाहावे.

विंडोजवर मेक्स फाइल एकदा चालवली की ती मेमरीत धरून ठेवलेली असते आणि तिच्यावर नवी बांधता येत नाही. 'क्लिअर मेक्स' द्यावे.

पीआरएचएस मधून आलेल्या इनपुटावर सी मध्ये कधीही लिहू नये. मॅटलॅबमध्ये 'बी = ए' केल्यावर दोघांची मेमरी एकच असते; बी बदलायला जाल आणि ए सुद्धा बदलेल.

९. दुसऱ्या संगणकावर चालवून पाहा

गोठवलेली सगळी उत्तरे जुळली, की फाइल अशा संगणकावर न्यावी जेथे कंपायलर बसवलेला नाही. तेथे विंडोज कधी कधी 'मॉड्यूल सापडले नाही' अशा अर्थाची चूक दाखवते आणि नवखा माणूस समोर दिसणारी मेक्स फाइल पुन्हा पुन्हा नक्कल करत बसतो. सहसा ती फाइल सापडलेली असते. ती ज्या डीएलएलवर (विंडोजच्या लायब्ररी फाइलीवर) अवलंबून आहे ती त्या संगणकावर नसते. ती डीएलएल शेजारी ठेवावी किंवा तिचा मार्ग 'पाथ' मध्ये घालावा. मग मूळ फाइलीच्या डोक्यावरच टिपणात मॅटलॅबची आवृत्ती, कंपायलरचे नाव व आवृत्ती आणि जशीच्या तशी 'मेक्स' आज्ञा, सगळ्या पर्यायांसह, लिहून ठेवावी. आमच्या जुन्या फाइलीच्या डोक्यावर फक्त 'अंतिम' एवढाच एक शब्द होता.